आग रामेश्वरी, अल्टरनेटर सोमेश्वरी

काटा थरथरत होता. पडला नव्हता, मायनसमधे गेला नव्हता, शून्याच्या किंचित उजवीकडे जिथे असायला हवा तिथेच होता, फक्त एका जागी थांबत नव्हता. मी काय केलं, तर जे सगळेच पायलट करतात ते, नखाने काचेवर दोन टिचक्या मारल्या. काटा थरथरतच राहिला आणि मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

विमान आमचं चौघांचं, भागीदारीतलं. चार सीट, एक इंजिन, पंख वर, वयाने माझ्यापेक्षा मोठं. एवढ्या जुन्या विमानात काय काय थरथरतं याची यादी करण्यापेक्षा काय थरथरत नाही ते लिहिणं सोपं, त्यामुळे अ‍ॅमीटरचा, म्हणजे विजेचा करंट दाखवणाऱ्या मीटरचा, काटा हलतोय ही गोष्ट मी मनात नोंदवली आणि तिथेच ठेवून दिली. पुढचे दोन महिने ती तिथेच राहिली. लँडिंग लाइट लावला की थरथर वाढायची, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) लावलं की अजून वाढायची, आणि संध्याकाळच्या उड्डाणात पॅनेलवरचे दिवे श्वास घेतल्यासारखे मंद-तेज, मंद-तेज व्हायचे. आमच्यापैकी एकाला ते दिसायचं, दुसरा म्हणायचा मला तर काही दिसलं नाही बुवा, आणि तिसरा म्हणायचा, इंजिन नीट चालतंय ना, मग झालं.

हे "इंजिन नीट चालतंय ना" फार फसवं वाक्य आहे बरं का. गाडीत चार्जिंग गेलं तर बॅटरी उतरता उतरता शेवटी इंजिनही बंद पडतं, कारण स्पार्क प्लगला वीज तिकडूनच जाते. जुन्या पद्धतीच्या विमानाच्या इंजिनाचं तसं नाही. त्याला दोन मॅग्नेटो असतात, आत लोहचुंबक फिरतो आणि ठिणगीपुरती वीज तो स्वतःच तयार करतो, ना बॅटरी लागते ना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून विमानाची वीज तयार करणारं यंत्र. तुम्ही मास्टर स्विच बंद करा, सगळं पॅनेल आंधळं होईल, पण इंजिन चालूच. याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे रॉबर्ट टिम आणि जॉन कुक. या दोघांनी ४ डिसेंबर १९५८ ला लास वेगासहून एक सेसना १७२ उडवलं आणि ते ७ फेब्रुवारी १९५९ लाच खाली आणलं. ६४ दिवस, २२ तास, १९ मिनिटं. रस्त्यावरून पळणाऱ्या ट्रकच्या डोक्यावरून उडत पाइपने पेट्रोल भरून घ्यायचे. त्यात ३९व्या दिवसाच्या सुमारास जनरेटर मेला. दिवे गेले, हीटर गेला, पेट्रोल वरच्या टाक्यांत चढवणारा इलेक्ट्रिक पंप गेला, मग ते हाताने पंप मारत बसले. इंजिन मात्र त्यानंतरही जवळपास चार आठवडे चालतच होतं. मॅग्नेटोला खबरच नव्हती.

आणि म्हणूनच चार्जिंगचा बिघाड कानाला कळत नाही. आवाज बदलत नाही, विमान ओढत नाही, हाताला काही जाणवत नाही. वर बॅटरी बिचारी इमानी, अल्टरनेटर झोपला की त्याचं काम मुकाट्याने अंगावर घेते, कुणाला कळू देत नाही. घरात एखादी आजी असते ना, सगळ्यांचं झाकून नेणारी, तशी. झाकता झाकता एक दिवस तीच बसते आणि मग कळतं की किती दिवसांपासून काय काय चाललं होतं.

तर त्या संध्याकाळी. परतीचा प्रवास, एकटाच होतो, हवा शांत, नेव्हिगेशनचे दिवे आणि बीकन चालू, थोडा वेळ ढगांच्या बाजूने गेलो म्हणून पिटो हीट लावलेलं आणि नंतर बंद करायचं विसरलेलं. एकदा सहज अ‍ॅमीटरकडे नजर गेली. काटा अगदी स्थिर! मला खरंच बरं वाटलं, म्हटलं चला, आपोआप सुधारलं.

आता हे लिहिताना माझाच मला राग येतो, पण ते कसं झालं ते सांगायला हवं, कारण त्यात माझ्या आळसापेक्षा वेगळंही काहीतरी आहे. मी उडायला शिकलो ती विमानं वेगळ्या कंपनीची, पंख खाली असलेली. त्यांच्यात असतो लोडमीटर. त्याचं शून्य एकदम डाव्या टोकाला, आणि काटा दाखवतो अल्टरनेटर किती अँपिअर देतोय ते. पंधरा-वीस अँपिअर खाल्ले जात असतील तर काटा डावीकडेच कुठेतरी शांतपणे उभा असतो, आणि तेच निरोगी असतं. तिथे काळजी कधी, तर काटा शून्याला चिकटला तर. आमच्या विमानातला मीटर मात्र जुन्या पद्धतीचा, शून्य मधोमध. तो अल्टरनेटरबद्दल काहीच बोलत नाही, बॅटरीत करंट जातोय की बॅटरीतून निघतोय एवढंच सांगतो. उजवीकडे म्हणजे भरतेय, डावीकडे म्हणजे रिकामी होतेय. लोडमीटरवरचं शून्य म्हणजे मरण आणि या मीटरवरचं शून्य म्हणजे जवळपास आदर्श तब्येत. हे मला माहीत नव्हतं का? होतं की, परीक्षेत लिहिलंय मी. पण नजरेला जी सवय असते ती परीक्षेला विचारत नाही. काटा मधल्या रेषेच्या डावीकडे होता, स्थिर होता, आणि माझ्या डोळ्याने शिकाऊ दिवसांतलं चित्र आठवून "ओके" म्हणून शिक्का मारला. थरथर थांबली होती कारण थरथरायला अल्टरनेटर जागेवर नव्हताच.

किती वेळ असं गेलं ते नक्की सांगता येणार नाही, पंचवीस मिनिटं तरी असावीत. कळलं कधी, तर टॉवरला बोलायला बटण दाबलं तेव्हा. रेडिओ ऐकू येत होता, पण बटण दाबलं की त्याचा डिस्प्ले विझायचा, सोडलं की परत यायचा. ऐकायला रेडिओला अर्धा-एक अँपिअर पुरतो, बोलायला कित्येक पट जास्त लागतो, आणि थकलेली बॅटरी तेवढा ओढ सहन करत नाही, व्होल्टेज खाली बसतं. म्हणजे बोलणं आधी जातं, ऐकणं नंतर. आमच्या विमानात लो व्होल्टेजचा दिवा नाही, नंतरच्या बऱ्याच विमानांत असतो. आमच्याकडे रेडिओ हाच दिवा.

पोटात गोळा वगैरे आला, ते असो. हाताने जे करायचं ते केलं. पिटो हीट बंद, त्या एकट्याचे दहाएक अँपिअर असतात. दुसरा रेडिओ बंद. फील्डचा ब्रेकर (अल्टरनेटरला जागं ठेवणाऱ्या करंटच्या वाटेवरचा, जास्त करंट गेला की उडणारा) बघितला, आतच होता. मग मास्टर स्विचचा अल्टरनेटरवाला अर्धा भाग बंद करून परत चालू केला, आणि काटा जो उजवीकडे गेला तो टोकाला जाऊन आदळला, कारण भुकेली बॅटरी मिळेल तेवढं ओढत होती. व्होल्टेज फार चढलं की तोडून टाकणाऱ्या ओव्हरव्होल्टेज रिलेने अल्टरनेटरला बाहेर काढलेलं, ते स्विचने रिसेट झालं. हा प्रयत्न एकदाच करायचा असतो. परत गेलं तर परत परत ढोसायचं नाही, कारण रिले उगाच ट्रिप होत नाही असं गृहीत धरायचं असतं. माझं एकदा केल्यावर टिकलं. तरी धावपट्टी दिसेपर्यंत मी टॉवरच्या दिव्याचे सिग्नल मनात घोकत होतो, स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा, आणि ट्रान्सपाँडरवर (रडारला आपला कोड कळवणाऱ्या यंत्रावर) ७६००, म्हणजे रेडिओ गेल्याचा कोड, टाकायचं की नाही यावर स्वतःशीच वाद घालत होतो. फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांच्या मागून खाली येणाऱ्या पट्ट्या, इलेक्ट्रिक आहेत, ते खाली येतील का हा तिसरा विचार. आले.

खाली उतरल्यावर मी कागदावर हिशोब मांडला. बॅटरी कागदावर तीसेक अँपिअर-अवरची, माझा खर्च वीसच्या आसपास, म्हणजे दीड तास चालायला हवी होती. पण तो हिशोब पूर्ण भरलेल्या बॅटरीचा, आणि तोही हळूहळू वापरली तर. लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून जितक्या जोरात करंट ओढाल तितकी एकूण वीज कमी मिळते. शिवाय रेडिओ काही बॅटरी पूर्ण रिकामी व्हायची वाट बघत नाही, अकराच्या आसपास व्होल्टेज आलं की तो रुसतो. कागदावरचा दीड तास म्हणजे खरा अर्धा तास, तेवढं धरून चालावं.

हा अर्धा तास कसा वापरायचा यावर माणसं मेलेली आहेत. ११ ऑक्टोबर १९८३ ला अमेरिकेत एअर इलिनॉयचं फ्लाइट ७१०, दोन इंजिनांचं हॉकर सिडली ७४८, रात्री स्प्रिंगफील्डहून कार्बनडेलला निघालं. निघाल्यावर लगेचच डावा जनरेटर गेला, आणि गडबडीत सहवैमानिकाने चालू असलेला उजवा तोडला, तो परत जोडता आला नाही. स्प्रिंगफील्ड अगदी मागेच होतं, आणि पुढे कार्बनडेलकडे हवा जास्त खराब होती. कॅप्टनने पुढे जायचं ठरवलं. बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास पुरली, मग काळोखात, ढगात, उपकरणांशिवाय विमान जमिनीवर आलं. दहाच्या दहा माणसं गेली. ते विमान लहान नव्हतं आणि माझ्या थरथरत्या काट्याशी त्याची बरोबरी नाही, पण मी जेव्हा जेव्हा तो अपघात वाचतो तेव्हा मला वाटतं की त्या कॅप्टनलाही कानात दोन इंजिनं नीट चालल्याचा आवाज येत असणार.

आता हँगरमधली गोष्ट, त्या संध्याकाळच्याही आधीची, जी जास्त लाजिरवाणी आहे.

पहिल्यांदा आम्ही बॅटरी बदलली. ती तशीही म्हातारी झाली होती, त्यामुळे त्याचं फार वाईट वाटलं नाही. चार तास उडालो, काटा शांत. मग परत थरथर. मग सगळ्यांनी एकमताने रेग्युलेटर दोषी ठरवला, कारण व्होल्टेज सांभाळायचं काम त्याचं आणि व्होल्टेजच सांभाळलं जात नव्हतं, म्हणजे दुसरा कोण असणार. नवा रेग्युलेटर. सहा तास शांत, मग थरथर. तेव्हा हेडफोनमधे बारीक शिट्टीसारखा आवाज येतोय असं एकाच्या लक्षात आलं, इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा-उतरणारा, आणि कुणीतरी कुठेतरी वाचलेलं की अशी शिट्टी म्हणजे अल्टरनेटरचा डायोड गेला. वाचलेलं बरोबरच होतं. अल्टरनेटरच्या पोटात वीज तयार होते ती उलटसुलट वाहणारी, तीन फेजची, सहा डायोड तिला एकाच दिशेने वाहायला लावतात, आणि एक डायोड उघडा पडला की पुरवठ्यात खड्डे पडतात ते कानाला शिट्टी म्हणून ऐकू येतात. पण मल्टीमीटर एसीवर, म्हणजे उलटसुलट विजेच्या खुणेवर, टाकून बसवर, म्हणजे सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीवर, लावला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं की ही लहर नेहमीएवढीच आहे की वाढलीय. तो कुणी लावला नाही. आमच्या इंजिनाचा अल्टरनेटर पुढे, प्रोपेलरच्या मागे, पट्ट्यावर चालणारा. पट्टा बदलायचा असेल तर प्रोपेलर काढावा लागतो, मग एवढं काढलंच आहे तर पट्टाही नवा टाकू, असं करत करत तो सगळा खेळ झाला. नवा अल्टरनेटर. शिट्टी होती तशीच, कारण ती आधीपासूनच होती, आम्ही फक्त आता ऐकायला लागलो होतो.

थरथर मात्र गेली! पूर्ण दहा तास. मग थरथर परत आली, तिच्या मागोमाग ती संध्याकाळ आली, रिले ट्रिप झाला, वरचं सगळं रामायण घडलं.

साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणजे काय ते तोवर आम्हाला चांगलं कळलं होतं. पण मला जे छळत होतं ते वेगळंच, की प्रत्येक वेळी काही तास फरक पडत का होता? बॅटरी बदलली, फरक. रेग्युलेटर, फरक. अल्टरनेटर, फरक. तीन वेगवेगळी औषधं आणि तिन्हींचा थोडा थोडा गुण.

हे कोडं सोडवलं एका म्हाताऱ्या इंजिनिअरने, ज्यांना सगळे काका म्हणतात. आमचं ऐकून घेतलं, तीन बिलं बघितली, हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. फक्त विचारलं, "इंजिन बंद ठेवून फील्डचा ड्रॉप मोजलात का?"

मी म्हटलं, "काका, इंजिन बंद असताना अल्टरनेटर चालतच नाही, मोजणार काय?"

"अरे चालत नाही म्हणूनच तर मोजायचं."

आता हे जरा समजून घ्यायला लागेल, पण खरी मजा इथेच आहे. अल्टरनेटरमधे फिरणाऱ्या भागावर एक गुंडाळी असते, तिला फील्ड म्हणतात. तिला थोडासा करंट दिला, आमच्यासारख्या १४ व्होल्टच्या विमानात दोन-तीन अँपिअर, की ती चुंबक होते, आणि ती फिरली की बाहेरच्या गुंडाळीत साठ अँपिअरपर्यंत वीज निघते. म्हणजे छोट्या करंटने मोठ्या करंटचा लगाम धरलेला. तो लगाम रेग्युलेटरच्या हातात. बसवरचं व्होल्टेज कमी दिसलं की फील्ड वाढव, जास्त दिसलं की कमी कर. आता आमच्या विमानात (आणि त्या काळातल्या कितीतरी विमानांत) रेग्युलेटर बसवरचं व्होल्टेज बघतो कुठून, तर ज्या वायरने तो फील्डसाठी करंट घेतो त्याच वायरमधून. बघायची आणि खायची वाट एकच. आणि त्या वाटेवर काय काय आहे, तर एक ब्रेकर, मास्टर स्विचचा अल्टरनेटरवाला अर्धा भाग, ओव्हरव्होल्टेज रिले, दोन-तीन जोड, एक प्लग. प्रत्येक ठिकाणी धातूला धातू टेकलेला, आणि चाळीसएक वर्षं तिथे थोडी थोडी काजळी धरत आलेली.

म्हणजे असं समजा की एक माणूस काचेला नाक लावून बाहेर बघतोय आणि त्याच्याच श्वासाने काचेवर धुकं येतंय. रेग्युलेटरने फील्ड वाढवलं की त्या काजळीतून जास्त करंट जातो, तिथे व्होल्टेज पडतं, आणि रेग्युलेटरला वाटतं बसचंच व्होल्टेज पडलं, म्हणून तो अजून वाढवतो. तोवर तिकडे अल्टरनेटर जरा उशिराने जागा होऊन बसवर खरंच जास्त व्होल्टेज चढवतो, मग रेग्युलेटर दचकून हात आखडता घेतो, करंट कमी झाल्याबरोबर काच स्वच्छ, आणि त्याला दिसतं की अरे बापरे हे तर फारच वर गेलंय, अजून कमी कर. परत खाली. परत वर. सेकंदाला कितीतरी वेळा हे चालतं आणि पॅनेलवर आपल्याला दिसतो फक्त एक थरथरता काटा. कधी या झोक्याचं वरचं टोक इतकं वर जातं की ओव्हरव्होल्टेज रिलेला खरंच वाटतं पुरवठा बेकाबू झालाय, तो १६ व्होल्टच्या आसपास लगाम कापून टाकतो. लोड जास्त तर फील्ड जास्त, फील्ड जास्त तर धुकं जास्त, म्हणून लँडिंग लाइट लावला की थरथर वाढायची. सगळं जागच्या जागी बसत होतं आणि मी प्रत्येक कोड्याच्या उत्तराकडे दोन महिने नुसता बघत होतो.

आणि इंजिन बंद असताना का मोजायचं? कारण इंजिन बंद, मास्टरचे दोन्ही भाग चालू, म्हणजे बसवर फक्त बॅटरीचे साडेबारा व्होल्ट. रेग्युलेटरला हवेत चौदा. तो बिचारा जीव तोडून फील्डला पूर्ण करंट सोडून बसतो, आणि अल्टरनेटर फिरतच नसल्यामुळे काही वाढत नाही. म्हणजे त्या वाटेवरून सगळ्यात जास्त करंट वाहतोय, आणि पंखा फिरत नाहीये, आवाज नाही, हात जायची भीती नाही. मोजायला याहून चांगली वेळ कोणती? (मॅग्नेटो बंद आणि किल्ली खिशात, हे काकांनी तीनदा बजावलं. मॅग्नेटोची वायर तुटलेली असेल तर बंद स्विचलाही इंजिन ठिणगी देऊ शकतं, त्यामुळे प्रोपेलरला कायम जिवंत समजायचं. आणि हे सगळं फार वेळ चालू ठेवायचं नाही, बॅटरी उतरते, फील्डची गुंडाळी तापते.)

मल्टीमीटरची काळी पिन बॉडीला, लाल पिन एकेका ठिकाणी. बसवर १२.३१. ब्रेकरच्या पलीकडे १२.१९. स्विचच्या पलीकडे ११.५८. काकांनी तिथे पिन तशीच ठेवली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मग रेग्युलेटरच्या प्लगवर ११.४१. म्हणजे बसपासून रेग्युलेटरपर्यंत हातभर वाटेत ०.९ व्होल्ट गायब, त्यातले सहा दशांशांहून जास्त एकट्या स्विचमधे. सव्वादोन-अडीच अँपिअर वाहत होते, म्हणजे स्विचचा रेझिस्टन्स पाव ओहम. पाव!

मी म्हटलं, मग ओहमवर टाकून नुसता स्विच मोजला असता तरी सापडला असता की. काका म्हणाले मोज. मोजला. मीटरने ०.३ दाखवलं, आणि दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी ०.२. मीटर ओहम मोजताना अगदी चिमूटभर करंट सोडतो, आणि पाव ओहम त्याच्या स्वतःच्या वायरींच्या गोंधळात हरवून जातो. असा जोड रिकाम्या हाताने मोजला तर निरोगी दिसतो, ओझं दिल्यावरच लंगडतो.

आणि माझं ते छळणारं कोडं? तेही तिथेच सुटलं. बॅटरी बदलताना मास्टर स्विच वीस वेळा खालीवर केला होता. रेग्युलेटर बदलताना प्लग ओढून काढला, परत घातला. अल्टरनेटरच्या वेळी तर सगळंच हलवलं, ब्रेकरसुद्धा ओढून परत दाबला. प्रत्येक वेळी धातू धातूवर घासला, थोडी काजळी खरवडली गेली, आणि काही तास वाट मोकळी झाली. गुण औषधाचा नव्हता, औषध पाजताना पेशंटला जे हलवलं त्याचा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली तीही तीनदा, आणि दर वेळी फाशीनंतर चोरी थांबली होती म्हणून आम्ही खूश.

स्विच नवा बसवला, ब्रेकर बदलला, प्लगच्या पिना साफ करून एक जोड नव्याने क्रिम्प केला. ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याने केलं आणि लॉगबुकात लिहिलं, मी टॉर्च धरली. परत मोजलं तर सगळ्या वाटेत मिळून एक दशांश व्होल्टसुद्धा पडत नव्हता.

त्या दिवसापासून मला ही मोजायची चटक लागली आणि काका मला दुसऱ्या विमानांच्या वेळीही बोलावतात. एका विमानात लोडमीटर सतत कमी दाखवायचा, तिथे इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी आतून तुटत आलेली निघाली. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, रबरातून वीज जात नाही, त्यामुळे परतीचा सगळा करंट त्या एका पट्टीवर. ती गेली की करंट दुसरी वाट शोधतो, थ्रॉटलच्या नाहीतर मिक्श्चरच्या केबलमधून जातो आणि केबल तापते. हे ऐकल्यापासून मी थ्रॉटल धरताना जरा आदराने धरतो. दुसऱ्या एकात फील्ड वायरचं टर्मिनल कंपनाने तुटलेलं, पण आवरण शाबूत, त्यामुळे बाहेरून बघितलं तर वायर एकदम छान. ओढली तेव्हा हातात आली. ब्रश झिजलेले, पट्टा सैल, हे तर नेहमीचेच यशस्वी कलाकार. पट्ट्याऐवजी गिअरवर चालणारे अल्टरनेटर असतात त्यांची वेगळी भानगड, तिथे रबराचा कपलिंग असतो, तो घसरायला लागला तर नुसतं चार्जिंग जात नाही, त्याचे तुकडे इंजिनाच्या पोटात जाऊ शकतात. तिथे "एवढं उडवून आणू, मग बघू" चालत नाही.

आणि एक प्रकार मी स्वतः थांबवला त्याचा मला अभिमान आहे. एकाची बॅटरी रात्रभर मास्टर चालू राहून ठार मेलेली, तो म्हणाला हाताने प्रोपेलर फिरवून चालू करतो, मॅग्नेटो आहेतच, वर गेलं की चार्ज होईल. इंजिन चालू झालं असतं, नाही असं नाही. पण मास्टरचा काँटॅक्टर (बॅटरीला बाकी विमानाशी जोडणारा मोठा स्विच) खेचायला बॅटरीचीच वीज लागते, अल्टरनेटरच्या फील्डला पहिला घोट बॅटरीच पाजते. बॅटरी पूर्ण मेलेली तर अल्टरनेटर नुसता फिरतो, जागा होतच नाही. आणि झालाच जागा, तर मेलेली बॅटरी इतका करंट ओढते की दोघंही तापतात. त्याला म्हटलं, आज नको जाऊस, बॅटरी काढ, चार्जरवर लाव, मग तिची कपॅसिटी तपासून घे. तो रागावला. मग गेला नाही.

आमचा काढलेला जुना अल्टरनेटर काकांनी टेस्ट बेंचवर लावून बघितला. पूर्ण साठ अँपिअर दिले त्याने, डायोड सहाच्या सहा ठणठणीत. जुना रेग्युलेटरही ठीक. दोन्ही आता खोक्यात घालून फळीवर ठेवलेत, वर मार्करने "चांगला आहे" असं लिहून. स्विच मात्र मी मागून घेतला. उघडून बघितला तर आतला काँटॅक्ट करपलेला, काळा, मधे नखाएवढा खड्डा. तो मी टेबलावर ठेवलाय. त्या जुन्या स्विचचं बटण अजूनही दाबलं की खट्ट करून अगदी चोख आवाज करतं.

काटा आता शून्याच्या किंचित उजवीकडे उभा असतो. हेडफोनमधली शिट्टी मात्र अजून आहे. परवा मीटर एसीवर टाकून बघितला, लहर अगदी नॉर्मल. काका म्हणतात ऑडिओ पॅनेलचं अर्थिंग बघ. पुढच्या रविवारी बघणार आहे.